समोरच्या टीमला आपला स्पेअर का द्यायचा?

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धेत मॅचला वीस मिनिटं उरलेली असतात आणि हॉलच्या स्पीकरवर घोषणा होते: अमुक नंबरच्या टीमचा मोटर कंट्रोलर जळालाय, कुणाकडे जास्तीचा आहे का? थोड्याच वेळात दोन-तीन टीमची मुलं हातात डबे घेऊन त्या पिटकडे पळताना दिसतात. मोटर कंट्रोलर म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते सांभाळणारा भाग, आणि पिट म्हणजे रोबोट दुरुस्त करायला प्रत्येक टीमला मिळालेली टेबलाएवढी जागा. पळणाऱ्यांपैकी एक टीम नेमकी त्याच मॅचमध्ये समोरून खेळणार असते.

पहिल्यांदाच स्पर्धा बघायला आलेल्या पालकांना हे झेपत नाही. मी एका टीमचा मेंटर, म्हणजे मुलांना शिकवणारा मोठा माणूस. एका बाबांनी मला सरळ विचारलं होतं, "सर, तो रोबोट बंद राहिला तर आपलीच मुलं जिंकतील ना? मग आपला स्पेअर त्यांना कशाला?" प्रश्न रास्त होता. मी घाईत होतो, "इथे असंच असतं" असं काहीतरी गुळमुळीत बोलून सटकलो. त्यांना तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आता सविस्तर देतो.

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धांमधली आजची भाषा बरीचशी अमेरिकेतल्या फर्स्ट या संस्थेकडून आली. संशोधक डीन केमन यांनी ती १९८९ मध्ये सुरू केली. पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टरमध्ये, एका शाळेच्या जिममध्ये झाली. टीम होत्या २८. केमन यांच्या जोडीला होते एमआयटीतले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स. ते त्यांच्या डिझाइनच्या वर्गात सगळ्यांना एकसारखं सामान देत आणि त्यातून यंत्रं बनवून एकमेकांविरुद्ध उतरवायला लावत. त्यांनी रूढ केलेला शब्द म्हणजे ग्रेशस प्रोफेशनॅलिझम. मराठीत त्याला एक शब्द सापडत नाही. जीव तोडून खेळायचं, पण समोरच्याचा मान राखून. आणि मदत करायची ती कामात तरबेज असलेल्या माणसासारखी, नुसती गोड बोलून नव्हे. फ्लॉवर्स मुलांना सांगत, तुमच्या आजीला अभिमान वाटेल असं वागा. मला ही व्याख्या जास्त आवडते, कारण ती बारा वर्षांच्या मुलालाही लगेच कळते.

दुसरा शब्द कोऑपर्टिशन. सहकार्य आणि स्पर्धा यांची मोट बांधून तयार केलेला. ऐकायला थोडा जाहिरातबाज वाटतो, हे मान्य. पण त्यामागे जी रचना आहे ती समजली की बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

आजचा विरोधक, उद्याचा भिडू

फर्स्टच्या मोठ्या मुलांच्या स्पर्धेत एका बाजूला तीन रोबोट असतात, समोर तीन. या तिघांना अलायन्स म्हणतात. प्राथमिक फेरीत ही तिघांची मोट टीमने ठरवायची नसते. वेळापत्रक संगणक लावतो. सकाळी ज्याच्याविरुद्ध खेळलात तो दुपारी तुमच्या बाजूला येऊ शकतो. दहाएक मॅच अशा झाल्या की क्रमवारी लागते. वरच्या आठ टीम कॅप्टन होतात आणि आपले भिडू निवडतात. पहिल्या खेपेला एक ते आठ असा क्रम, दुसऱ्या खेपेला उलटा, आठपासून एककडे, म्हणजे वरच्यालाच सगळे दादा भिडू मिळू नयेत.

आता बघा. ज्या टीमला तुम्ही कंट्रोलर दिला नाहीत, तीच टीम दोन तासांनी तुमच्या बाजूला मुकाट उभी राहिली तर? किंवा संध्याकाळी तीच कॅप्टन झाली आणि तिला तिसरा भिडू निवडायचाय तर? निवड करताना लोक आकडे बघतातच. प्रत्येक टीमची दोन-चार मुलं दिवसभर प्रेक्षकांत बसून इतर रोबोटांची नोंद ठेवत असतात, त्याला स्काउटिंग म्हणतात. पण त्याच वहीत कोपऱ्यात "पिटमध्ये बोलायला चांगले", "यांचे मेंटर ओरडतात" अशाही नोंदी असतात. मी अशा वह्या पाहिल्या आहेत. दोन रोबोट सारखेच असले की निवड अशाच एखाद्या ओळीवर होते.

थोडक्यात, खिलाडूपणा इथे फक्त मुलांच्या स्वभावावर सोडलेला नाही. तो वेळापत्रकातच शिवलेला आहे.

व्हेक्स ही दुसरी एक स्पर्धा. तिच्या लहान मुलांच्या आयक्यू गटात तर समोर कुणी नसतंच. दोन टीमचे रोबोट ६० सेकंद एकत्र खेळतात आणि जे गुण होतील तेच दोघांना मिळतात. २००० मध्ये मेलबर्नला सुरू झालेल्या रोबोकप ज्युनिअरमध्ये सुपरटीम नावाचा प्रकार आहे: वेगवेगळ्या देशांतल्या टीम एकत्र बांधतात आणि त्यांना तिथल्या तिथे एक नवं काम देतात. भाषा येत नसलेली दोन मुलं एकमेकांच्या स्क्रीनवरच्या कोडकडे बोट दाखवून भांडताना पाहणं हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत छान देखावा आहे.

पण भिडू देणाऱ्या रचनेत एक मेख आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. समोरच्याने हरवलं तर मुलं पचवतात. भिडूने बुडवलं तर पचत नाही. तुमचा रोबोट उत्तम चाललाय, आणि शेजारचा मैदानाच्या मधोमध आडवा पडलाय, वर त्याच्यामुळे पेनल्टीही बसली. मॅच संपल्यावर मैदानातून बाहेर येईपर्यंतचा जो अर्धा मिनिट असतो, त्यात टीम कशी आहे ते कळतं. त्या शेजारच्या पोरांना तोंड लपवायला जागा नसते. त्या वेळी "चला, पुढच्या मॅचआधी आमच्या पिटमध्ये या, बघू काय झालंय" असं म्हणणारी ड्राइव्ह टीम, म्हणजे मैदानावर रोबोट चालवणारी मंडळी, मी पाहिली आहे, आणि मेंटरच्या तोंडून "असले भिडू मिळाले की असंच होणार" हे वाक्यही ऐकलंय. ते वाक्य त्या पोरांनीही ऐकलं होतं.

नियम चुकला तर काय होतं

रचनेने वागणं घडतं म्हटलं, तर रचना फसली की वागणंही विचित्र होतं. याचं माझं आवडतं उदाहरण २०१० च्या फर्स्ट स्पर्धेचं. त्या वर्षीचा खेळ फुटबॉलसारखा होता, ब्रेकअवे नावाचा. गोलमध्ये चेंडू घालायचे. क्रमवारीचे गुण देण्याची पद्धत सहकार्य वाढावं म्हणून मुद्दाम वेगळी ठेवली होती. जिंकणाऱ्याला स्वतःचे गुण, वर हरणाऱ्याच्या गुणांची दुप्पट. म्हणजे चिरडून जिंकण्यापेक्षा चुरशीने जिंकणं फायद्याचं. आणि हरणाऱ्याला? जिंकणाऱ्याने केलेले गुण.

या शेवटच्या कलमाचा हिशेब मुलांनी झटकन केला. आपण हरणारच असू, तर बचाव कशाला करायचा? उलट समोरच्यांच्या बाजूने गोल करायचे; त्यांचे गुण वाढले की आपलेही वाढले. समजा तीन-तीन असे खेळून मॅच ५-२ ने संपली. जिंकणाऱ्यांना पाच अधिक चार, नऊ, हरणाऱ्यांना पाच. त्याऐवजी सहाही रोबोटांनी एकाच बाजूला बारा गोल घातले तर १२-०, आणि सगळ्यांना बारा-बारा. काही मॅच खरंच अशा झाल्या. सहा विरुद्ध शून्य असं त्या डावपेचाचं नावच पडलं.

यावर लोकांत जोरदार दोन तट पडले. एक म्हणाला, ही लबाडी आहे, प्रेक्षकांची फसवणूक आहे. दुसरा म्हणाला, नियमात जे लिहिलंय त्याचाच नीट विचार केलाय, इंजिनिअर दुसरं काय करतो? मी दुसऱ्यांच्या बाजूचा. नियमाच्या आत राहून, उघडपणे, सगळ्यांच्या संमतीने केलेली गोष्ट लबाडी कशी? दोष असलाच तर गणिताचा. पण त्याला एक मर्यादा आहे. एका टीमने दुसऱ्या अलायन्सला "तुम्ही जरा हळू खेळा" असं सांगणं वेगळं. नंतरच्या नियमपुस्तिकांत ही रेघ स्पष्ट आहे: आपल्या अलायन्समध्ये नसलेल्यांना कुवतीपेक्षा कमी खेळायला सांगायचं नाही, आणि बाहेरच्याच्या सांगण्यावरून तसं खेळायचंही नाही. अलायन्सने मिळून आपला डाव काहीही आखावा, त्याला आडकाठी नाही.

निवडीच्या वेळचा एक डावही असाच वादाचा. आठ कॅप्टनांपैकी पहिला दुसऱ्याला निमंत्रण देतो, तो नकार देणार हे ठाऊक असून. नकार दिला की त्या टीमला दुसरा कुणी निवडू शकत नाही, तिला स्वतःच कॅप्टन राहावं लागतं. असं दोघा-तिघांना विचारत गेलं की वरच्या टीमची आपसात युती होत नाही. बघणाऱ्याला वाटतं किती नम्र, सगळ्यांना विचारतोय! प्रत्यक्षात तो विहिरी बुजवत चाललेला असतो. नियमाला हे चालतं. आजीला चालेल का, ते आजीवर अवलंबून आहे.

लहान गटाच्या फर्स्ट लेगो लीगमध्ये वागण्याला चक्क गुण आहेत. रोबोटचा खेळ, रोबोटचं डिझाइन, प्रकल्प आणि मूल्यं, चौघांना सारखंच वजन. टेबलावर मॅच चालू असताना रेफरीही टीमच्या वागण्याला दोन, तीन किंवा चार गुण देतो. यामुळे काही टीम जज दिसले की एकदम एकमेकांच्या पाठी थोपटू लागतात. हसू येतं. पण नाटक करता करता सवय लागते असंही मी पाहिलंय, म्हणून मी त्याविरुद्ध फार बोलत नाही.

मोठ्यांचे हात

आता मेंटर. सगळ्यात जास्त कुजबुज ज्याची होते ते वाक्य असं: "त्यांचा रोबोट मोठ्यांनीच बनवलाय."

हे समजून घ्यायचं तर आधी एक लक्षात घ्यावं लागतं, की सगळ्या स्पर्धांचा या बाबतीत एक नियम नाही. फर्स्टच्या मोठ्या गटात मेंटरने मुलांबरोबर काम करणं हा स्पर्धेच्या कल्पनेचाच भाग आहे. प्रत्यक्ष इंजिनिअर कसा विचार करतो ते मुलांनी त्याच्या खांद्याला खांदा लावून बघावं, असा त्यामागचा विचार. मैदानावर ड्राइव्ह टीमचा कोच म्हणून मोठा माणूस उभा राहू शकतो. फक्त कंट्रोलला हात लावायचा नाही. व्हेक्सची भूमिका उलट: काम विद्यार्थ्यांचं, मोठ्यांनी शिकवावं, पण मुलांच्या जागी बसून रोबोट बांधू नये की कोड लिहू नये. त्यांच्या मोठ्या मुलांच्या व्ही फाइव्ह स्पर्धेत मॅचच्या वेळी मैदानालगत मोठ्या माणसाला जागाच नाही. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड आणि रोबोकप ज्युनिअर आणखी कडक. टीमच्या कामाच्या जागेत स्पर्धेच्या वेळी कोचने पाऊलही टाकायचं नाही. त्यामुळे एका स्पर्धेतला मेंटर दुसरीकडे गेला की तोच माणूस, तेच वागणं, पण गुन्हेगार ठरतो. आरोप करण्याआधी कुठल्या नियमाखाली आहोत ते बघावं.

मोठ्यांनी बनवलेला रोबोट जजना ओळखता येतो का? बऱ्याचदा येतो. जज रोबोटबद्दल फार विचारतच नाहीत. ते विचारतात, हे असं का केलं? आधी काय करून पाहिलं? ते का सोडलं? ज्या मुलीने तीन वेळा हात तुटलेला पाहिलाय ती थांबत नाही, मिनिटभर सांगत राहते. ज्याला उत्तर पाठ करून दिलंय तो दुसऱ्याच उपप्रश्नाला मेंटरकडे बघतो. इंजिनिअरिंग नोटबुकचंही तसंच. खाडाखोड नसलेली वही मला कायम संशयास्पद वाटते.

माझा स्वतःचा गुन्हाही सांगतो. एका स्पर्धेत आमचा रोबोट मॅचच्या मधेच मेला. अडीच मिनिटांच्या मॅचमध्ये मध्येच वीज तुटली की रोबोटशी बिनतारी संपर्क ठेवणारा रेडिओ पुन्हा सुरू होईपर्यंत मोठा वेळ वाया जातो. पिटमध्ये आल्यावर मुलं लॅपटॉप उघडून कोड बघू लागली. मला मैदानावरून येतानाच दिसलं होतं, बॅटरीच्या टर्मिनलचा नट ढिला होता, धक्का बसला की वायर हलत होती. पुढची मॅच पंचवीस मिनिटांवर. मी पाना उचलला, नट आवळला, म्हटलं, "झालं, चला." मुलं खूश, मी त्यांच्याहून खूश.

संध्याकाळी बॅटरी बदलली. दुसऱ्या बॅटरीचाही नट ढिलाच होता. रोबोट पुन्हा मेला. मी त्या वेळी दुसऱ्या टोकाला होतो. मुलांनी पंधरा मिनिटं कोड शोधला, एक मोटर बदलली, जी चांगली होती. टर्मिनलकडे कुणी बघितलं नाही. कारण सकाळी काय बिघडलं होतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते माझ्या हाताला माहीत होतं, त्यांना नाही.

त्यानंतर मी एकच गोष्ट बदलली. पिटमध्ये दोन्ही हात खिशात. आणि "कुणी हात लावला होता याला?" हा प्रश्न बंद. तो प्रश्न विचारला की मुलं रोबोटकडे न बघता एकमेकांकडे बघतात. त्याऐवजी "काय दिसतंय?"

"लाइट गेला, सर."

"कधी?"

"धडकलो तेव्हा."

"मग धडकल्यावर काय काय हलत असेल?"

इतकं झालं की कुणीतरी वायर धरून हलवतंच. या पद्धतीत दहा मिनिटं जास्त जातात हे खरं. एकदा त्या दहा मिनिटांपायी आमची मॅच हुकलीही. आणि सुरक्षेचा प्रश्न असेल, बॅटरी फुगलीय, वायर तापलीय, कुणाची बोटं गिअरमध्ये जाताहेत, तर हात खिशात ठेवणारा मेंटर मूर्ख. तिथे आधी हात, मग शिकवणं.

रेफरीसमोर कोण जाणार

मोठ्यांचा तोल सर्वांत जास्त जातो तो रेफरीच्या निर्णयावर. म्हणून बहुतेक स्पर्धांनी शहाणपणाने हा दरवाजाच मोठ्यांना बंद केला आहे. फर्स्टमध्ये मैदानाच्या कोपऱ्यात प्रश्न विचारायची एक आखलेली चौकट असते. टीमतर्फे एका विद्यार्थ्याने तिथे जाऊन उभं राहायचं, हेड रेफरी मोकळा झाला की बोलायचं. व्हेक्समध्येही ड्राइव्ह टीममधल्या विद्यार्थ्यांनीच बोलायचं. कोच, आई-बाबा यांनी नाही.

चौदा वर्षांच्या मुलीने पट्टेरी शर्टातल्या मोठ्या माणसाला "तुमचा निर्णय मला पटला नाही" असं सांगणं सोपं नसतं. तिला आधी शिकवावं लागतं की तक्रार कशी करायची: कितव्या सेकंदाला काय घडलं, आमच्या मते कुठल्या क्रमांकाचा नियम लागतो, आणि तुम्ही काय पाहिलंत. "ते लोक मुद्दाम धडकतात" हे वाक्य नाही, कारण मुद्दाम की चुकून हे रेफरीलाही दिसत नाही. काठावर उभ्या मेंटरने हातवारे करू नयेत. चेहऱ्यावरही फार काही दाखवू नये. मुलं मागे वळून चेहराच बघतात.

बाकीच्या गोष्टी छोट्या आहेत, त्यातल्या काही नियमपुस्तिकांतही असतात, पटकन सांगून टाकतो. प्रेक्षकांत रिकाम्या खुर्च्यांवर दप्तरं टाकून जागा अडवायची नाही. दुसऱ्याच्या रोबोटला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, मदत करायला गेलात तरीही. हरल्यावर समाजमाध्यमांवर दुसऱ्या टीमचा व्हिडिओ टाकून "बघा हे" असं लिहायचं नाही. आणि परतीच्या गाडीत पहिला तासभर रोबोटबद्दल बोलायचं नाही, हा नियम कुठल्याच पुस्तिकेत नाही, माझा आहे.

फर्स्टमध्ये मेंटरांसाठी फ्लॉवर्स यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ पासून आहे. त्याची शिफारस विद्यार्थ्यांनी लिहायची असते. एकदा आमच्या मुलांनी माझ्याबद्दल अशी शिफारस लिहायला घेतली आणि अर्ध्यावर सोडली, कारण "सर नक्की काय करतात ते लिहिता येत नाही." मला आधी वाईट वाटलं. नंतर तो कागद मी जपून ठेवला.

गेल्या स्पर्धेत शेवटच्या मॅचला आमच्यावर एक पेनल्टी बसली आणि आम्ही तेवढ्यानेच हरलो. मला ती चुकीची वाटत होती, अजूनही थोडी वाटते. आमच्या टीमची एक मुलगी पुस्तिका घेऊन त्या चौकटीत जाऊन उभी राहिली. मी लांब, कठड्यापलीकडे, खिशात हात. ती चारेक मिनिटं बोलली, हेड रेफरीने पुस्तिकेत काहीतरी दाखवलं, तिने मान हलवली, थँक्यू म्हणाली आणि आली.

"काय म्हणाले?"

"बरोबर आहे त्यांचं. त्या नियमाखाली चौकटीत एक टीप आहे, ती आपण वाचलीच नव्हती."

"मला दाखव बरं."

"नंतर, सर. त्यांचा मोटर कंट्रोलर परत द्यायचाय," असं म्हणून ती पिटकडे गेली. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की आमच्या रोबोटवर सकाळपासून दुसऱ्याच टीमचा कंट्रोलर चालला होता.